स्थानाधिष्ठित मार्गनिश्चितीची मर्यादा: कशेळीच्या खाडीवरून एक परीक्षण

१

ठाण्याच्या कोलशेत बाजूच्या तीरावर उभ्या राहिलेल्या माणसाला खाडीपलीकडचा काल्हेरचा परिसर समोर दिसतो. परंतु तेथे वाहनाने जावयाचे तर त्याला प्रथम काल्हेरपासून दूर होत बाळकुमला यावे लागते, कशेळीच्या पुलावरून उल्हास नदीची खाडी ओलांडावी लागते आणि मगच पुन्हा काल्हेरची दिशा धरता येते. सरळ रेषेचा मोह धरून जो चालत राहील तो पाण्याच्या काठाशी येऊन थांबेल. हे कशेळी म्हणजे भिवंडी तालुक्यातील गाव होय. रत्नागिरी जिल्ह्यातील कनकादित्याच्या कशेळीशी त्याचा नामसाम्यापलीकडे संबंध नाही. ठाणे–भिवंडी रस्त्यावरील या गावापासून काल्हेर, पूर्णा, अंजूरफाट्यापर्यंत गोदामांची दाटी झालेली असून, एका अंगाला भरती-ओहोटीचे पाणी आणि दुसऱ्या अंगाला पत्र्याच्या छपरांची सलग रांग असे या भूभागाचे स्वरूप आहे.

काठाशी येऊन थांबणाऱ्या या माणसाची अडचण हीच बिनतारी जाळ्यांच्या शास्त्रातील एका सुप्रसिद्ध पद्धतीची मूळ अडचण आहे. संदेश पुढे कोणाकडे द्यावा हे केवळ ठिकाणांच्या स्थानांवरून ठरविणारी ही पद्धती, म्हणजे स्थानाधिष्ठित मार्गनिश्चिती, गेल्या काही वर्षांत उडत्या ड्रोनांच्या जाळ्यांसाठी वारंवार सुचविली जात आहे. ड्रोनाला स्वतःचे स्थान उपग्रहांच्या साहाय्याने आयतेच कळते, त्याच्या हालचालीमुळे ठरीव मार्ग टिकत नाहीत, तेव्हा स्थानावरून चालणारी पद्धतीच त्याला योग्य, असा युक्तिवाद करण्यात येतो. हा युक्तिवाद सकृद्दर्शनी बिनतोड वाटतो. तो कितपत टिकतो, आणि त्यावर घेतले जाणारे नेहमीचे आक्षेप तरी योग्य जागी बोट ठेवतात काय, याचा विचार कशेळीच्या प्रत्यक्ष भूमीला धरून करावयाचा, एवढाच प्रस्तुत परीक्षणाचा हेतू आहे.

२

या पद्धतीचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. १९८४ मध्ये ताकागी आणि क्लाइनरॉक यांनी रेडिओच्या पल्ल्याचा विचार करताना, संदेश ज्या शेजाऱ्याकडे दिला असता तो मुक्कामाच्या दिशेने सर्वांत पुढे सरकेल त्या शेजाऱ्याची निवड करण्याची कल्पना मांडली. १९८७ मध्ये फिन याने महानगराएवढ्या जाळ्यात भौगोलिक स्थान हाच पत्ता मानण्याचा विचार पुढे नेला. या दोन्ही विचारांत खाडीच्या काठाशी अडकलेल्या संदेशाला खात्रीची वाट नव्हती. ती १९९९ मध्ये बोस, मोरिन, स्टॉयमेनोविच आणि उरुटिया यांनी दाखविली. आणि २००० साली मोबिकॉम परिषदेत हार्वर्ड विद्यापीठाचे ब्रॅड कार्प व एच. टी. कुंग यांनी तीच वाट जीपीएसआर या नावाने एका पूर्ण कार्यपद्धतीच्या रूपात मांडली. पुढील वाङ्मयात खात्रीच्या पोचीचे सारे श्रेय पुष्कळदा कार्प–कुंग यांच्या पदरात टाकले जाते. ते न्याय्य नव्हे. गणिती सिद्धता आधीची आहे. रेडिओच्या प्रत्यक्ष व्यवहारात आणि हलत्या घटकांमध्ये ती बसवून मोजून पाहणे, हे कार्प–कुंग यांचे कार्य होय, आणि ते लहान नाही.

पद्धतीचे दोन भाग आहेत. पहिला भाग लोभी म्हणून ओळखला जातो. प्रत्येक घटक ठराविक काळाने हाळी देऊन आपले स्थान शेजाऱ्यांस कळवितो. संदेश हाती आला की ज्याच्या-त्याच्या नोंदीतील शेजाऱ्यांपैकी मुक्कामास सर्वांत जवळचा कोण ते पाहून त्याच्याकडे तो सुपूर्त केला जातो. आपल्याहून मुक्कामास जवळचा एकही शेजारी नसेल तर मात्र हा नियम निरुपयोगी ठरतो. कोलशेतच्या तीरावरच्या माणसाची स्थिती ती हीच. अशा वेळी दुसरा भाग सुरू होतो. जाळ्यातील जोडांपैकी एकमेकांना छेदणारे जोड वगळून एक प्रतलीय आलेख शिल्लक ठेवावयाचा आणि संदेशाने त्या आलेखातील पोकळीच्या कडेकडेने, उजव्या हाताच्या नियमाने, पुढे सरकत राहावयाचे. अंधाऱ्या वाड्यात भिंतीवरून उजवा हात न काढता चालणारा माणूस शेवटी दाराशी येतो, त्यातलाच हा प्रकार. अडकलेल्या जागेपेक्षा मुक्कामास जवळची जागा सापडली की संदेश पुन्हा लोभी नियमाकडे वळतो.

या रचनेचा गुण निर्विवाद आहे. जाळे कितीही विस्तारले तरी प्रत्येक घटकाला फक्त आपल्या शेजाऱ्यांची नोंद ठेवावी लागते. साऱ्या जाळ्याचा नकाशा कोणालाच लागत नाही. मूळ निबंधाची मांडणीही स्वच्छ आहे. आपली गृहीते लेखकांनी लपविलेली नाहीत. घटक साधारणतः एका प्रतलात आहेत, ज्याला ऐकू येते त्याचे आपल्यालाही ऐकू येते, आणि मुक्कामाचे स्थान पाठविणाऱ्यास ठाऊक आहे, या तीन गोष्टी त्यांनी धरून चालल्या आहेत. मुक्कामाचे स्थान शोधून काढण्याचा खर्च त्यांच्या संगणकीय अनुकरणात धरलेला नाही. त्याच परिषदेत ली, जॅनोटी, डी कुटो, कार्गर आणि मॉरिस यांनी स्थान शोधण्याच्या व्यवस्थेवर स्वतंत्र निबंध सादर केला, यावरूनच तो प्रश्न किती मोठा होता हे ध्यानी यावे. दोष मूळ लेखकांच्या प्रामाणिकपणात नाही. ड्रोनांच्या जाळ्यांवर लिहिणाऱ्या पुढील अनेकांनी निष्कर्ष उचलले आणि गृहीते मागे ठेवली, दोष तेथे आहे.

३

ड्रोनांच्या संदर्भात या पद्धतीवर घेतला जाणारा पहिला आणि सर्वांत प्रसिद्ध आक्षेप तिसऱ्या मितीचा आहे. जमिनीवरच्या घटकांचा आलेख प्रतलीय करता येतो. आकाशात उंचसखल विखुरलेल्या ड्रोनांच्या बाबतीत 'पोकळीची कड' या शब्दालाच अर्थ उरत नाही. एक जोड दुसऱ्याच्या वरून निघून जातो; उजवा हात कोणत्या भिंतीवर ठेवावयाचा? २००८ च्या जानेवारीत कोलकाता येथे भरलेल्या परिषदेत ड्युरोशर, कर्कपॅट्रिक आणि नारायणन् यांनी या आक्षेपाला सिद्धतेचे बळ दिले. घटकाला आपल्या आसपासची, कितीही पण ठराविक टप्प्यांपर्यंतची, माहिती दिली तरी त्रिमितीय जाळ्यात प्रत्येक वेळी खात्रीने पोच देणारी अशी स्थानिक पद्धती असूच शकत नाही, असे त्यांनी दाखवून दिले.

या निष्कर्षाचा पूर्वार्ध सर्वत्र उद्धृत होतो. उत्तरार्धाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. त्याच निबंधात असेही सिद्ध केले आहे की, सर्व घटक एका पातळ थरात असतील आणि त्या थराची जाडी रेडिओच्या पल्ल्याला दोनच्या वर्गमुळाने भागून येणाऱ्या संख्येपेक्षा अधिक नसेल, तर खात्रीची पोच शक्य आहे. त्यासाठी प्रत्येक घटकाला शेजाऱ्यांच्या शेजाऱ्यांपर्यंत माहिती असावी लागते, एवढेच. थर याहून किंचितही जाड झाला की खात्री नाहीशी होते.

आता हे माप कशेळीच्या आकाशाला लावून पाहावे. भारताच्या २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार, नकाशात लाल वा पिवळा म्हणून दाखविलेला नाही अशा हरित क्षेत्रातील उड्डाणाची मर्यादा जमिनीपासून ४०० फूट, म्हणजे १२० मीटर, एवढी आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फूट, म्हणजे ६० मीटर, आहे. कार्प–कुंग यांच्या अनुकरणातला रेडिओचा पल्ला २५० मीटरांचा होता. २५० ला दोनच्या वर्गमुळाने भागिले असता सुमारे १७७ येतात. १२० मीटरांचा थर त्याहून पातळ आहे. खाडीकाठची जमीन सपाट असल्यामुळे जमिनीपासून मोजलेली ही मर्यादा येथे खरोखरच एक सपाट थर निर्माण करते. म्हणजे जे गणिताने नाकारले ते कशेळीपुरते कायद्याने परत दिले आहे! येऊरच्या डोंगरउतारावर किंवा जव्हारच्या घाटमाथ्यावर हे म्हणता येणार नाही. तेथे जमिनीबरोबर थरही वरखाली होतो आणि एकाच जाळ्यातील दोन ड्रोनांच्या उंचीतील फरक १२० मीटरांच्या कितीतरी पुढे जाऊ शकतो. परंतु सपाट खाडीपट्टीपुरता तिसऱ्या मितीचा प्रसिद्ध आक्षेप निकालात निघतो, हे मान्य करणे प्राप्त आहे.

मात्र येथेच थांबणे म्हणजे अर्धाच हिशेब करणे होय. वरील सिद्धतेत एक गृहीत आहे: रेडिओचा पल्ला सर्व दिशांना सारखा आहे. तो सारखा नसेल तर काय होते, याचे उत्तर बॅरिएर, फ्रेनियो आणि नारायणन् यांनी २००१ मध्ये द्विमितीय जाळ्यापुरते दिले होते. कमीत कमी आणि जास्तीत जास्त पल्ल्यांतील गुणोत्तर दोनच्या वर्गमुळाच्या आत असेल तोवर खात्री टिकते. या दोन निष्कर्षांची सांगड घातली तर पुढील हिशेब निघतो. एक ड्रोन १२० मीटरांवर आणि दुसरा जवळजवळ जमिनीलगत असेल, तर २५० मीटरांच्या पल्ल्यातून नकाशावरचे, म्हणजे आडवे, अंतर सुमारे २१९ मीटरच उरते. उंचीने आपला वाटा उचललेला असतो. नकाशावर खात्रीसाठी किमान १७७ मीटर हवेत. तेव्हा उंचीचा वाटा धरून, सर्वांत प्रतिकूल दिशेलाही रेडिओचा प्रत्यक्ष पल्ला सुमारे २१४ मीटरांच्या खाली जाऊन चालत नाही. २५० आणि २१४ यांत फक्त ३६ मीटरांचे अंतर आहे. साऱ्या अनियमितपणासाठी एवढीच सवलत शिल्लक राहते.

ही सवलत कशेळीत पुरेल काय? गोदामाच्या आड उतरलेल्या ड्रोनाला पत्र्याचे छप्पर झाकून टाकते. खाडीच्या पाण्यावरून परावर्तित झालेली लहर सरळ आलेल्या लहरीशी मिसळून कोठे तिला बळ देते, तर कोठे ती मारून टाकते. आणि भरती-ओहोटीबरोबर पाण्याची पातळी बदलत असल्यामुळे या जागाही दिवसातून अनेकदा बदलतात. वळण घेताना ड्रोन तिरपा होतो आणि त्याच्या अँटेनाची दिशा फिरते. अशा ठिकाणी पल्ल्यात सातवा हिस्सा घट येणे ही अपवादात्मक घटना नसून नित्याचीच बाब होय. खऱ्या रेडिओच्या बाबतीत आदर्श पल्ल्याचे गृहीत ढळढळीतपणे मोडते आणि त्यामुळे स्थिर जाळ्यातही मार्गनिश्चिती कायमची अपयशी ठरू शकते, हे किम, गोविंदन, कार्प आणि शेंकर यांनी २००५ मध्ये प्रत्यक्ष मापनांनी दाखवून दिले. या चौघांतील कार्प हे जीपीएसआरचेच एक जनक होत. आपल्या सिद्धांताचे दोष आपणच मोजून प्रसिद्ध करण्याची ही वृत्ती अनुकरणीय आहे. ती त्यांच्या अनुयायांत तितक्या प्रमाणात दिसत नाही.

४

याहूनही खोल आक्षेप काळाचा आहे. स्थानावरून मार्ग ठरवावयाचा म्हणजे कोणत्या क्षणीच्या स्थानावरून, हा प्रश्न लोभी नियमात दडलेला असतो. मूळ निबंधातील एका मुख्य प्रयोगात हाळीचे अंतर १.५ सेकंद आहे आणि शेजाऱ्याकडून त्याच्या साडेचारपट काळ काही ऐकू आले नाही तर त्याची नोंद पुसली जाते. म्हणजे नोंद ६.७५ सेकंद जिवंत राहू शकते. त्याच निबंधातील सेकंदास २० मीटर ही कमाल गती ड्रोनाला लावली, तर तेवढ्या वेळात तो १३५ मीटर जातो. आणि दोन ड्रोन परस्परविरुद्ध दिशांना निघालेले असतील तर त्यांच्यातील अंतर २७० मीटरांनी वाढते. २५० मीटरांच्या पल्ल्याच्या जाळ्यात, अगदी शेजारी असलेला ड्रोन पूर्णपणे ऐकण्याबाहेर गेला तरी त्याचे नाव वहीत शिल्लक असू शकते.

न्यायबुद्धीने येथे दोन गोष्टी नमूद केल्या पाहिजेत. जीपीएसआरमध्ये प्रत्येक संदेशासोबत पाठविणाऱ्याचे स्थानही जाते, त्यामुळे रहदारी असेल तेथे नोंदी अधिक ताज्या राहतात. आणि शेजाऱ्याकडे संदेश पोहोचला नाही असे रेडिओच्या थराकडून कळताच त्याची नोंद काढून दुसरा शेजारी निवडला जातो. त्यामुळे लोभी भाग या अडचणीतून पुष्कळसा सावरतो. परंतु कडेकडेने जाणारा दुसरा भाग सावरत नाही. संदेश पोकळीला वळसा घालीत असताना पोकळीचा आकारच बदलला, तर उजवा हात ज्या भिंतीवर ठेवलेला आहे ती भिंत मागे सरकते. खात्रीची सिद्धता स्थिर आलेखाची आहे. २००५ च्या सुधारित पद्धतीनेही नेहमीच्या यशाचा दावा स्थिर जाळ्यापुरताच केला असून, हालचालीनंतर ती लवकर सावरते एवढेच म्हटले आहे. ड्रोनांचे जाळे मात्र सावरण्यापूर्वीच पुन्हा हललेले असते.

हालचालीच्या अनुकरणाचीही येथेच चिकित्सा केली पाहिजे. मूळ प्रयोगात घटक यदृच्छेने एखादे ठिकाण निवडतात, तेथे जातात, थांबतात आणि पुन्हा यदृच्छेने निघतात. या नमुन्यात सरासरी गती काळाबरोबर ढासळत जाते, असा आक्षेप यून, लिऊ आणि नोबल यांनी २००३ मध्येच घेतला होता. ड्रोनांच्या बाबतीत आक्षेप याहून सरळ आहे: ड्रोन यदृच्छेने फिरतच नाही. भूमापनाचा ड्रोन भिवंडीच्या मागावरील धोट्याप्रमाणे या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो आणि शेजारच्या ओळीने परत येतो. माल नेणारा ड्रोन गोदामातून निघून ठरल्या जागी पोहोचतो. त्याचा पुढचा अर्धा तास उड्डाणापूर्वीच लिहिलेला असतो. ही माहिती हाताशी असता ती बाजूला सारून, दर दीड सेकंदाने हाळी देऊन शेजाऱ्याला आपला पत्ता विचारीत राहणे म्हणजे खिशात वेळापत्रक असताना फलाटावर प्रत्येकाला गाडीची वेळ विचारण्यासारखे आहे.

५

आतापर्यंतची चर्चा तंत्राची झाली. परंतु या प्रश्नात तंत्रापलीकडचे काही पणास लागले आहे, आणि ते समजण्यासाठी कशेळीवरून वाहणाऱ्या उल्हास नदीच्याच वरच्या अंगास जावे लागते. २७ जुलै २०१९ रोजी या नदीच्या पुराने बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेसला वेढा घातला. गाडीत सुमारे १०५० प्रवासी होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि इतर यंत्रणांनी त्यांची सुटका केली. त्यापूर्वी २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा उल्हासच्या खोऱ्यानेही पुराचा तडाखा सोसला. अशा वेळी वीज जाते, भ्रमणध्वनीचे मनोरे मुके होतात, आणि ड्रोनांच्या जाळ्याची आवश्यकता ज्या प्रसंगासाठी सांगितली जाते तो प्रसंग येऊन ठेपतो. तोवर या परिसरातील ड्रोनांचा उपयोग बहुधा एकेकट्या उड्डाणाचाच राहिला आहे. २०२१ च्या डिसेंबरात पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप या गावी लशीच्या ३०० मात्रा ड्रोनाने पोहोचविण्यात आल्या, त्यातही जाळ्याचा प्रश्न नव्हता. पुरात मात्र एका ड्रोनाने भागत नाही. एकाचे दुसऱ्याने ऐकून पुढे सांगावे लागते.

या प्रसंगी पद्धतीची परीक्षा कोणत्या मापाने व्हावी? या विषयाच्या वाङ्मयात जवळजवळ सर्वत्र एकच माप आढळते: पाठविलेल्या संदेशांपैकी शेकडा किती पोहोचले. मूळ निबंधातील ५० घटकांचा प्रयोग १५०० मीटर लांब आणि ३०० मीटर रुंद क्षेत्रात झाला. म्हणजे प्रत्येक घटकाच्या वाट्याला ९००० चौरस मीटर जागा आली. २५० मीटरांच्या पल्ल्यात अशा जाळ्यातील मध्यभागीच्या घटकाला पुष्कळ शेजारी लाभतात. इतक्या दाट वस्तीत पोकळी क्वचितच उत्पन्न होते. कडेकडेने जाण्याची पाळी क्वचितच येते. विरळ जाळ्याचाही विचार लेखकांनी केला आहे, परंतु पद्धतीची कीर्ती उभी आहे ती दाट जाळ्यावर. हीच दाटी कशेळीच्या आकाशात हवी असेल तर एका चौरस किलोमीटरला १११ ड्रोन लागतील. पुराच्या रात्री कोणत्याही यंत्रणेच्या हाती ते असणार नाहीत. असतील ते मोजके असतील, आणि तेही जेथे उतरावयास कोरडी जागा आहे त्या बाजूला.

शेकडेवारीचा खरा अन्याय येथे दिसून येतो. न पोहोचलेले संदेश सर्व जाळ्यात सारखे विखुरलेले नसतात. ते पोकळीच्या पलीकडचे असतात. शंभरांतील पंचाण्णव संदेश पोहोचले असे म्हणताना उरलेले पाच एकाच वेढलेल्या वस्तीतून निघालेले असू शकतात. आणि त्या वस्तीच्या दृष्टीने यशाचे प्रमाण पंचाण्णव नसून शून्य असते. ज्यांच्याभोवती पाणी आहे त्यांच्याभोवतीच ड्रोन विरळ असतात, आणि जेथे ड्रोन विरळ तेथेच लोभी नियम अडतो. म्हणजे पद्धतीचे अपयश गरजेच्या जागी एकवटते आणि सरासरी ते झाकून टाकते. पुराच्या वेळी उपयोगी पडेल म्हणून जी पद्धती पुरस्कारिली जाते तिची परीक्षा, कोणाचा संदेश गेला नाही हे न सांगणाऱ्या मापाने करणे हा केवळ गणिती शैथिल्याचा दोष नव्हे. त्यात एका विशिष्ट माणसाचे नुकसान आहे.

याला जोडूनच दुसरा दोष सांगावयास हवा. अडकलेला संदेश काही काळ फिरून शेवटी टाकून दिला जातो. पाठविणाऱ्याला त्याची वार्ता देण्याची जबाबदारी पद्धती आपल्यावर घेत नाही. ती वरच्या थराने सांभाळावी असा संकेत आहे. नगरातल्या सुखरूप जाळ्यात हा संकेत चालतो. छपरावर बसून मदत मागणाऱ्याला मात्र आपली हाक ऐकली गेली की हवेत विरली, हे कळणे हाकेइतकेच महत्त्वाचे असते. हाक विरली असे कळले तर तो दुसरा उपाय करील. ऐकली गेली अशा समजुतीत राहिला तर वाट पाहत बसेल.

६

तेव्हा निर्णय काय? स्थानाधिष्ठित मार्गनिश्चिती सर्वस्वी टाकाऊ आहे असा निष्कर्ष वरील विवेचनातून निघत नाही. तिचा पहिला भाग, शेजाऱ्यांपुरत्या नोंदीवर चालणारा आणि विस्ताराला न भिणारा, ड्रोनांच्या जाळ्यातही टिकण्याजोगा आहे. तिसऱ्या मितीचा आक्षेप कशेळीसारख्या सपाट प्रदेशात वाटतो तेवढा प्राणघातक नाही. तिचा दुसरा भाग, खात्रीचे आश्वासन देणारा, हाच येथे दुबळा ठरतो. आणि तो दुबळा ठरतो तो उंचीमुळे नव्हे, तर पल्ल्याच्या अनियमितपणामुळे आणि काळाच्या गतीमुळे.

त्याच्या जागी काय यावे याचे सूचन खाडीच्याच जीवनक्रमात आहे. पूल नव्हता तेव्हा खाडीकाठचा माणूस पाण्याला वळसा घालण्यासाठी नदीच्या उगमाकडे चालत जात नव्हता. तो तरीची वाट पाहत असे. संदेशानेही तेच करावे. पलीकडे कोणी नाही असे दिसताच कडेकडेने भटकण्यापेक्षा, पलीकडे जाणारा ड्रोन येईपर्यंत त्याने आहे तेथे थांबावे आणि त्याच्याबरोबर पाणी ओलांडावे. हा विचार नवा नाही. खंडित जाळ्यांसाठी विलंब सोसणारी रचना केव्हिन फॉल यांनी २००३ मध्ये मांडली, आणि झाओ, अम्मार व झेगुरा यांनी २००४ मध्ये संदेशवाहक तरीचीच कल्पना त्याच नावाने पुढे आणली. ड्रोनांचे उड्डाणमार्ग आगाऊ ठरलेले असल्यामुळे ती येथे अधिकच शोभते. कोणता ड्रोन केव्हा पलीकडे जाणार हे शेजाऱ्यांना आधी कळविले, तर संदेशाला आता कोण जवळ आहे एवढेच न पाहता, थोड्या वेळाने कोण जवळ असेल हेही पाहता येईल. अर्थात या उपायालाही किंमत आहे. थांबलेला संदेश उशिरा पोहोचतो. वारा, पाऊस किंवा उतरती बॅटरी यांमुळे ठरलेले उड्डाण रद्द झाले तर तर येतच नाही. ड्रोनाला धडक टाळण्याची सूचना द्यावयाची असेल तेथे ही पद्धती कामाची नाही. परंतु 'इतके लोक येथे अडकले आहेत' हा संदेश दहा मिनिटे उशिरा पोहोचणे आणि मुळीच न पोहोचणे यांत तुलना होऊ शकत नाही.

यापुढे या विषयावर जे प्रयोग होतील त्यांच्याकडून तीन गोष्टींची अपेक्षा करणे वाजवी ठरेल. ड्रोनांची दाटी प्रत्यक्षात मिळेल तेवढीच धरावी. हालचाल यदृच्छ न धरता खऱ्या उड्डाणांवरून घ्यावी. आणि निष्कर्ष एका शेकडेवारीत न सांगता नकाशावर मांडावेत, म्हणजे कोणत्या जागेचे संदेश पोहोचले आणि कोणत्या जागेचे नाहीत हे वाचकास दिसेल. कशेळीचा पूल, काल्हेरची गोदामे आणि मधली खाडी एवढा मुलूखही अशा प्रयोगास पुरेसा आहे. त्या नकाशावर जो कोपरा कोरा राहील तेथे राहणाऱ्याला पद्धतीच्या सरासरी यशाचे काहीच सोयरसुतक असणार नाही. पद्धतीने मात्र त्या कोपऱ्याची दखल घेतली पाहिजे. पुराचे पाणी प्रथम तेथेच येते.